सव्वापट ऊन

१

शनिवारी दुपारी आकांक्षा गावंडे अकोल्याला परतली ती खोलीवर गेलीच नाही. पाठीवरची बॅग न काढता जिन्यातच बसून राहिली. घरमालकीण जमुना अढाऊ अंगणात चिंचा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली चिंच खाली ठेवली.

"काय झालं वं?"

"काकू, माह्यं यंत्र खोटं निघालं."

जमुनाबाई मूळच्या तेल्हाऱ्याच्या. वजनमापे निरीक्षक म्हणून एकोणतीस वर्षं नोकरी करून चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. तराजू, लिटरचं माप, पेट्रोलपंप, कापसाचा काटा, यांतलं काही खोटं आहे असं कुणी म्हटलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

"नीट सांग. पयल्यापासून."

जठारपेठेतल्या या घरात राहून आकांक्षाला दोन वर्षं झाली होती. उन्हातल्या अतिनील किरणांवर ती संशोधन करत होती. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडी तेच जाळतात आणि डोळ्यांत मोतीबिंदूही तेच वाढवतात. उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमाराला वऱ्हाडावरून जातो आणि हे किरण खाली किती पोचत असतील याचा अंदाज देतो. जमिनीवरचं यंत्र मात्र प्रत्यक्ष पडतं तेवढंच मोजतं. अकोल्याच्या उपकेंद्राच्या गच्चीवर आकांक्षानं दोन उन्हाळे असं यंत्र चालवलं होतं आणि तिला दिसलं होतं की धुरकट दिवसांत उपग्रह सांगतो त्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी किरण खाली पोचतात. नांगरलेल्या काळ्या रानांचा आणि रस्त्यांचा बारीक धुरळा जमिनीलगत तरंगत राहतो, तो उपग्रहाला वरून नीट दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"मंग अमरावतीच्या मुख्य केंद्रानं पडताळा घेतला," ती म्हणाली. "माह्यं यंत्र तिथल्या प्रमाण यंत्राच्या बाजूले ठेवलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. प्रमाण यंत्र दहा दाखवते, माह्यं आठ. उपग्रहबी दहाच म्हणते. म्हणजे उपग्रह बरोबर, मी चूक."

"बरं, चूक. त्यात रडाचं काय हाये?"

"चूक म्हणून नाई रडत, काकू. यंत्र बिघडलं तर आकडे कसेबी येतात म्हणते केंद्राची समिती. इतका नेमका पाचवा हिस्सा कमी कसा? मी मुद्दाम केलं म्हणून राहिले. गुरुवारी बैठक हाये. माही नोंदणी रद्द करतीन आन् अकोल्याची गच्चीबी बंद."

जमुनाबाई उठल्या आणि हात धुऊन आल्या. गेल्या शनिवारी ते यंत्र पेटीत घालून अमरावतीला पाठवलं तेव्हा आकांक्षाच्या विनंतीवरून पेटीला शिशाचं सील त्यांनीच लावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या हाताची गाठ होती ती.

"सोमवारची गाडी कितीची हाये?" त्यांनी विचारलं.

२

केंद्र अमरावतीत, बडनेरा रोडवर होतं. सोमवारी सकाळी दोघी तिथे पोचल्या. प्रमाण यंत्राचा कारभार तिघांच्या हातांतून जायचा. विभागप्रमुख डॉ. रूपाली मेहरे याच आकांक्षाच्या मार्गदर्शक. डॉ. गजेंद्र काळमेघ उपग्रहाच्या आकड्यांचं काम पाहायचा. यंत्रं हाताळायचा तो तंत्रज्ञ चंदन चर्जन; सील लावलेली पेटी अकोल्याहून तोच घेऊन गेला होता.

जमुनाबाईंना आत येऊ द्यायला रूपालीबाईंनी फोनवर क्षणात परवानगी दिली होती. "या ना ताई. तुमच्यासारख्या अनुभवी बाईंनी बघितलं तर त्या पोरीचंही समाधान होईल."

गजेंद्रनं खुर्ची पुढे केली, पण स्वतः बसला नाही. त्याच्या भिंतीवर विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा रंगीत नकाशा होता. कुठे किती अतिनील किरण पडतात ते उपग्रहाच्या आकड्यांवरून काढलेलं.

"तुम्ही मलेच पहिले भेटायला येसान, मले माहीत होतं," तो म्हणाला. "ती पोरगी खरी ठरली तर हा नकाशा रद्दीत जाते. सहा वर्षं लागली मले."

"राग आला असन."

"राग नाही, जळलो मी. सरळ सांगतो. धुरळ्याची नुसती कल्पना ऐकून परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं तिले स्वतःहून पत्र पाठवलं. मले सहा वर्षांत एक ओळ नाही आली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण यंत्राले हात लावला नाही मी. यंत्राच्या खोलीची माही किल्ली दिवाळीतच हरवली. तेव्हापासून चंदनले मागून उघडाव लागते."

"किती फरक हाये म्हणत होती ते, माहीत होतं तुमाले?"

"कमी हाये एवढंच ऐकलं होतं. पाच-सात टक्के असतीन असं वाटलं. पाचवा हिस्सा हे शुक्रवारी कळलं, तेव्हा मीच चाट पडलो. आकडे बाहेर दाखवू नको असं मार्गदर्शकांनी सांगतलं होतं म्हणे तिले."

चंदन गच्चीवर भेटला. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी होती, वर काचेच्या वाटीएवढे पारदर्शक घुमट. मऊ फडक्यानं तो ते पुसत होता.

"गुरुवारी समिती पाहाले येनार हाये म्हनून ठेवली तशीच," तो म्हणाला. "नाई तं हे प्रमाण यंत्र बाहेर निंघतच नाई. वर्षभर कपाटात. पडताळ्यापुरतंच काढतो आमी."

"पेटी कोनं उघडली?"

"मीच. बुधवारी, सगळ्याईच्या समोर. तुमचं सील जसंच्या तसं होतं, फोटो हाये." त्यानं मोबाईल दाखवला. गाठ जमुनाबाईंचीच होती. "मी सांगतो मॅडम, चौदा वर्षं झाले मी हे घुमट पुसून राहिलो. आजवर एका कागदावर माह्यं नाव नाई आलं. आकांक्षाचं दोन वर्षांत पेपरात आलं. वाईट नाई वाटलं असं म्हनत नाई मी. पन तिचं यंत्र मी बिघडवलं असतं तं ते मलेच दुरुस्त कराव लागलं असतं ना!"

जमुनाबाईंना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. सील शाबूत. बुधवारनंतर दोन्ही यंत्रं उघड्या गच्चीवर, आकांक्षा दिवसभर शेजारी बसलेली. तिच्या यंत्राला कुणी हात लावला असण्याचा संभव उरत नव्हता.

त्यांनी बोट दुसऱ्या यंत्राकडे वळवलं.

"आन् याले कोनं तपासलं?"

चंदनच्या हातातलं फडकं थांबलं. "याले? मॅडम, हे तं प्रमाण हाये. याच्यावरूनच बाकीचे तपासतो आमी."

"मी इचारलं, याले कोनं तपासलं?"



३

रूपालीबाईंचा स्वभाव मऊ होता. त्यांनी चहा मागवला, आकांक्षाला मुद्दाम बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"फार हुशार आहे हो ती," त्या म्हणाल्या. "मी तर सगळ्यांना सांगते, माझ्यापेक्षा हुशार. घाईनं वाहवत गेली इतकंच. या वयात होतं तसं. गुरुवारी मी समितीला सांगणार आहे, फार कडक होऊ नका म्हणून."

"तिनं मुद्दाम केलं, असं वाटते तुमाले?"

"मी कसं म्हणू? माझीच विद्यार्थिनी." त्यांनी कप सरळ केला, मग बशी सरळ केली. "पण परदेशातून पत्रबित्र आलं की पोरांचं डोकं जागेवर राहत नाही. तिच्या एकटीच्या नावानं आलं ना ते. मला नुसती प्रत होती."

"तुमीबी हेच काम केलं म्हणे पयले."

"आठ वर्षांपूर्वी. जुन्या यंत्रावर." रूपालीबाई हसल्या. "माझे आकडे उपग्रहाशी तंतोतंत जुळले होते. त्याच शोधनिबंधावर हे पद मिळालं मला."

जमुनाबाईंनी चहा संपवला. कार्यालयातला एक जुना दिवस त्यांना आठवत होता. त्यांच्या हाताखाली नव्यानं आलेल्या वर्षालीनं एका कापूस जिनिंगचा खोटा काटा पहिल्याच भेटीत पकडला होता. त्याच काट्यासमोर त्या स्वतः तीन वर्षं सही करून येत होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी वर्षालीचं कौतुक केलं होतं, गोड बोलून, जरा जास्तच. तो आवाज आज त्यांना समोरच्या बाईच्या तोंडून ऐकू येत होता.

पण आवाजावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही, हेही नोकरीनंच त्यांना शिकवलं होतं.

त्या बाहेर पडल्या तेव्हा चांदूरबाजारच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं होतं. अर्ध्या तासात अवकाळी कोसळला. बोराएवढ्या गारा आल्या, रस्त्यावरचे निंबाचे फाटे तुटून पडले. अमरावतीतच राहणाऱ्या जमुनाबाईंच्या बहिणीच्या घरी पोचेपर्यंत दोघी चिंब झाल्या.

ओलं डोकं पुसता पुसता आकांक्षा खिडकीबाहेर पाहत राहिली आणि एकाएकी वळली.

"काकू, उद्या हवेत धुरळा नसन."

"मंग?"

"धुरळाच नसन तं उपग्रहाची चूक व्हाचं कारणबी नसन. उद्या उपग्रह आन् जमिनीवरचं खरं यंत्र, दोघाईनं एकच आकडा सांगाले पायजे."

जमुनाबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "आन् ज्याचा आकडा जुळनार नाई..."

"ते खोटं."

४

मंगळवारी आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. गच्चीवरून चिखलदऱ्याचे डोंगर दिसत होते, एरवी एप्रिलमध्ये ते कधी दिसायचे नाहीत. दीडला दहा मिनिटं असताना आकांक्षा, चंदन आणि जमुनाबाई यंत्रांपाशी येऊन उभे राहिले.

आकांक्षाचं यंत्र बारा दाखवत होतं. प्रमाण यंत्र पंधरा.

"पंधरा?" चंदन वाकून पाहू लागला. "इतकं ऊन आपल्याकडं असते काय कधी?"

उपग्रहाचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. बुधवारी दहाच्या सुमाराला गजेंद्रनं तो आपल्या संगणकावर उघडला. दाराशी जमुनाबाई, आकांक्षा आणि चंदन उभे आहेत हे त्याला माहीत होतं. आकडा लपवायचा असता तर तेवढा वेळ त्याच्याकडे होता. त्यानं पडदाच त्यांच्याकडे फिरवला.

"बारा," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हणजे पोरीचं यंत्र बरोबर हाये. आमचं प्रमाणच चुकलेलं हाये. आन् ती बरोबर म्हणजे माहा नकाशा..."



जमुनाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि ओठ हलवू लागल्या. प्राथमिक शाळेत त्यांनी सवायकी घोकली होती, सव्वापटीचे पाढे. इतक्या वर्षांनी ते जसेच्या तसे आठवत होते.

"धुरकट दिवशी आकांक्षाचं आठ, प्रमाणाचं दहा. आठ सवे दहा," त्या पुटपुटल्या. "चोख दिवशी तिचं बारा, प्रमाणाचं पंधरा. बारा सवे पंधरा." त्यांनी मान वर केली. "हे यंत्र बिघडलं नाई. बिघडलेला काटा असा दरवेळी मोजून सव्वापट देत नाई. चंदनभाऊ, याचा आकडा कशानं तरी गुणून दाखवते काय हे?"

"हो. संगणकात गुणक भराव लागते. प्रमाणपत्रावर एक हाये, मीच भरला होता दोन वर्षांपयले. बदलला तं संगणक स्वतः नोंद ठेवते." चंदन यंत्राच्या खोलीकडे निघाला, त्याच्या मागं सगळे.

नोंदीत एकच ओळ नवी होती. गुणक एकवरून सव्वावर बदलला, अकरा एप्रिल, शनिवार, दुपारी बारा चाळीस. नाव नव्हतं. परवलीचा शब्द सगळ्यांचा एकच होता.

चंदन संगणकापासून मागे सरकला. "मॅडम, किल्ली माह्यापाशी असते. सगळे मलेच धरतीन आता."

"कोनी नाई धरत तुमाले," जमुनाबाई म्हणाल्या. "मी हाये ना."

आणि त्या एकट्याच रूपालीबाईंच्या खोलीकडे चालू लागल्या.

५

या खेपेला दार जमुनाबाईंनी लोटलं.

"रूपालीबाई, मी तुमाले एक हिशेब सांगते. चुकला तं चूक दाखवा."

रूपालीबाईंनी समोरचे कागद बाजूला सारले.

"प्रमाण यंत्राचा गुणक शनिवारी बारा चाळीसले बदलला. खोलीच्या किल्ल्या तीन. गजेंद्रभाऊची दिवाळीपासून हरवली, त्याले चंदनले मागाव लागते. चंदन त्या दिवशी साडेबाराले अकोल्यात होता. मी सांगते, कारण तो आन् मी, दोघं पेटीले सील लावत होतो. त्याची किल्ली त्याच्या कमरेले मी पाह्यली. राह्यली तिसरी, तुमची."

रूपालीबाईंचा हात टेबलाच्या खणाकडे गेला आणि मागे आला.

"किल्लीचं सोडा, किल्ली कोनीबी उचलते. पन सव्वाच काहून? दीड नाई, दुप्पट नाई. आकांक्षाचे आकडे उपग्रहाच्या बरोब्बर ऐंशी टक्के येतात. ऐंशीची सव्वापट शंभर. म्हणजे ज्यानं गुणक बदलला त्याले तिचा आकडा आधीच माहीत होता. गजेंद्रभाऊले वाटत होतं पाच-सात टक्के. त्याच्या हातानं झालं असतं तं गुणक एवढा मोठा झाला नसता. चंदनले उपग्रहाचे आकडे कोनी सांगतच नाई. तिनं आकडा एकाच माणसाले दाखवला. आन् त्या माणसानं तिले सांगतलं, बाहेर दाखवू नको."

बाहेर कुणीतरी झेरॉक्स काढत होतं.

"मी तिला घडवली," रूपालीबाई म्हणाल्या. आवाजातला मऊपणा गेला होता. "यंत्र कसं लावायचं, घुमट कसा पुसायचा, मी शिकवलं. आणि पत्र तिच्या नावानं आलं."

"पत्रासाठी केलं हे?"

"पत्रासाठी नाही." त्यांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवले. "आठ वर्षांपूर्वी माझे आकडेही पाचवा हिस्सा कमीच आले होते ताई. सबंध उन्हाळा. मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांनी सोडलेला उपग्रह कसा चुकेल? माझंच यंत्र जुनाट. मी सगळे आकडे सव्वानं गुणले आणि जुळले म्हणून छापले. शोध माझ्या हातात होता आणि मी माझ्याच हातानं तो पुसला. मग ही पोरगी आली. तिनं तोच फरक पाहिला आणि म्हणाली, मॅडम, माझं यंत्र बरोबर आहे. सरळ म्हणाली. मला जे जमलं नाही ते."

"आन् ते खरी ठरली असती तं तुमचा निबंध..."

"निबंध गेला असता, ते सोसलं असतं मी. पण रोज तिच्याकडे पाहायचं आणि आठवायचं. ते नाही सोसवलं. बैठक झाली की गुणक परत एक करणार होते. तिला दुसरा विषय देणार होते, चांगला."

जमुनाबाईंना वर्षालीचा चेहरा आठवला. तिच्या बदलीच्या कागदावर शेरा लिहिताना आपण किती वेळ पेन धरून बसलो होतो, तेही आठवलं. त्यांनी शेवटी चांगला शेरा लिहिला होता. पण त्या दिवशी तो लिहिला गेला नसता तर रूपालीबाईंच्या आणि त्यांच्यात फारसा फरक उरला नसता.

"उद्या बैठक अकराची हाये," त्या उठत म्हणाल्या. "साडेदहापर्यंत मी कोनाले काई सांगनार नाई. त्याच्या आत तुमीच सांगा. पोरीच्या माथ्यावर खोटेपनाचा शिक्का मात्र मी लागू देनार नाई."

६

गुरुवारी दहा वाजता डॉ. रूपाली मेहरे समितीच्या अध्यक्षांच्या खोलीत गेल्या आणि तासाभरानं बाहेर आल्या. बैठकीत त्यांनी सगळं उभ्यानं सांगितलं, आठ वर्षांपूर्वीच्या निबंधासकट. आकांक्षा समोरच बसली होती. रूपालीबाईंनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

विभागाचा कारभार त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. चौकशी पुढे चालणार होती. आकांक्षावरचा ठपका गेला, अकोल्याची गच्ची राहिली, मार्गदर्शक बदलून मिळणार होते. गजेंद्रनं नकाशा भिंतीवरून उतरवला आणि दुरुस्तीसाठी आकांक्षाकडे धुरळ्याचे आकडे मागितले. मागताना त्याचा आवाज काही फारसा प्रेमळ नव्हता.

निघताना चंदननं आकांक्षाच्या हातात एक कापडी पिशवी दिली. "मेहरे मॅडमनं देल्ली."

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीला अर्धा तास होता. आकांक्षानं पिशवी उघडली. आत तीन जाड वह्या होत्या, आठ वर्षांपूर्वीच्या. रोजचा दीडचा आकडा, निळ्या शाईत, गुणण्याआधीचा. पहिल्या वहीच्या मधल्या एका पानावर लिहिलं होतं, "उपग्रहापेक्षा पाचवा हिस्सा कमी. का?" पुढची बरीच पानं तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. कुठे ओझोन, कुठे ढग. एका ठिकाणी "जमिनीलगतचा धुरळा?" असं लिहून खाली रेघ मारली होती. आणि तिसऱ्या वहीच्या शेवटी घाईच्या अक्षरात, "यंत्र सदोष. गुणिले १.२५."

आकांक्षानं वही मिटली. गाडी आली, दोघींना खिडकीजवळ जागा मिळाली. कुरूम गेलं तरी पिशवी तिच्या मांडीवरच होती.

"खुश नाई दिसत तू," जमुनाबाई म्हणाल्या.

"या वह्या माह्या निबंधात घेतल्या तं पुरावा दोन वर्षांचा नाई राहत, आठ वर्षं मागं जाते. कोनी हलवू शकनार नाई."

"मंग घे की."

"काकू, मले तिचा लय राग येऊन राहिला." आकांक्षाचे डोळे भरले होते. "यंत्र खोटं केलं म्हणून नाई. तिनं माह्या आधी पाह्यलं म्हणून. धुरळाबी तिनंच आधी लिहिला. मले वाटत होतं, अख्ख्या वऱ्हाडात मीच पयली."

जमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डब्यातून भाकरी काढून अर्धी तिच्या हातात दिली.

मूर्तिजापूर आलं तसा आकांक्षानं लॅपटॉप उघडला. तिच्या निबंधाचं पहिलंच वाक्य होतं, "जमिनीलगतच्या धुळीमुळे उपग्रहाच्या अंदाजात पडणारा फरक या भागात प्रथमच मोजण्यात आला आहे." गाडी सुटली. खिडकीबाहेर नांगरून पडलेली रानं मागे जात होती, आणि तीनच दिवसांच्या उन्हानं त्यांच्यावर पुन्हा धुरळा उठायला लागला होता. ती पडद्याकडे पाहत बसली.

"प्रथमच" हा शब्द खोडायला तिला बोरगाव येईपर्यंतचा वेळ लागला. मग त्या जागी तिनं आठ वर्षांपूर्वीचं साल घातलं आणि त्यापुढे रूपाली मेहरे हे नाव लिहिलं.